मधला स्पीकर

अर्व्हिड कांगास दुकानात आला
तेव्हा बुटांना बर्फ होता आणि काखेत कॉफीचा डबा.
डब्यात तीनशे ऐंशी डॉलर, मोजून, रबर लावून.
"एवढ्यात काय बसतं ते दाखव," म्हणाला,
"भिंती हादरायला नकोत. भिंती भाड्याच्या आहेत."

डुलुथमध्ये फेब्रुवारीत गिऱ्हाईक दिसणं म्हणजे सणच.
मी आधी हौसेने सबवूफर दाखवला,
कमरेएवढी काळी पेटी.
वाजवला तर खिळ्याला टांगलेल्या वायरी थरथरल्या.
त्याने पेटीवर तळवा ठेवला,
दमून आलेल्या घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा,
आणि मान हलवली. नाही.
एकेचाळीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर काढलेली.
जहाजाच्या पोटात दगड ओतताना जो आवाज होतो
तो त्याच्याकडे भरपूर होता,
फुकट, दोन्ही कानांत, रात्रीसुद्धा.

"गडगडाट नको. मला स, श आणि फ हवेत.
तेवढेच गेलेत."

मग पाठकोऱ्या पावतीवर हिशेब मांडला.
जुना रिसीव्हर एकशे चाळीस,
रिमोटचं झाकण हरवलंय, चिकटपट्टी मी लावून देतो.
बाजूची जोडी नव्वद, एकाच्या जाळीवर मांजराची नखं.
मागचे दोन त्याने स्वतःच खोडले.
"आमच्या सोफ्याच्या मागे फक्त हीटर आहे."
वायर अठरा.
उरलेल्यातले एकशे दहा मी मधल्यावर लावायला लावले.
म्हटलं, बाकीचे वारा, पाऊस, गाड्या.
माणसं सगळी ह्या एकट्याच्या तोंडून बोलतात.
(माझ्या घरी टीव्हीचाच आवाज आहे,
पिंपात बसून बोलल्यासारखा.
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.)

बावीस डॉलर उरले. ते डब्यात परत गेले.
"हेल्मी सांगते मला," खोकं उचलता उचलता तो म्हणाला,
"प्रत्येक वाक्य. तेरा वर्षं झाली.
रात्री तिचा घसा बसतो."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा दारात.
आमच्या धंद्यात परत आलेला माणूस दिसला
की आधी पावती आठवते.
काय झालं? खरखर? बिघडला?

"छे. लख्ख ऐकू येतं.
कपाटातला एक जुना सिनेमा लावला, चारदा पाहिलेला.
शेवटी तो खलाशी दारात थांबतो, काहीतरी बोलतो, जातो.
हेल्मी मला सांगायची, म्हणतोय, वसंतात येईन.
तो तसं म्हणतच नाही.
म्हणतो, तुझ्यात माझा जीव कधी नव्हताच."

मी काउंटरवरचा स्क्रू उगाच फिरवत राहिलो.

"मग बाकीचेही लावून पाहिले.
म्हातारा डॉक्टर, खाटेजवळ. हेल्मीचा डॉक्टर म्हणायचा,
ताप उतरेल, सूप पाजा.
खरा डॉक्टर फक्त टोपी घालतो आणि म्हणतो, पाद्रीला बोलवा.
आणि ते पोर! ते पोर तर
मी इतकी वर्षं जिवंतच समजत होतो."

विचारलंत तिला?

"शेजारीच असते, विणत. सुया थांबत नाहीत.
एवढंच म्हणाली, आता नीट ऐकू येतं ना तुला, बरं झालं.
आणि हल्ली काही बोलत नाही सिनेमात.
घसा बरा आहे तिचा."

बाहेर बर्फाची गाडी रस्ता खरवडत गेली.
त्याने तिकडे कान केला नाही. तो तर त्याला येतोच ऐकू.
म्हटलं, तीस दिवसांत परत घेतो आम्ही, पूर्ण पैसे.
"परत नको," तो म्हणाला. टोपी हातात घेतली,
परत डोक्यावर ठेवली.
"बटण मिळतं का एखादं,
फक्त मधल्याला बंद करणारं?
सोफ्यावरून हात पोचेल असं.
शेवटच्या दहा मिनिटांपुरतं."

खालच्या खणात एक निघालं, खटक्याचं, सहा डॉलरचं.
त्याने डबा उघडला.
बावीस तसेच होते.