दोन किल्ल्यांचं कपाट

वाळपईच्या इस्पितळात मागच्या अंगाला एक खोली होती,
मच्छरदाण्यांचे गठ्ठे, दोन मोडक्या व्हीलचेअर
आणि कुष्ठरोगाचं एक पोस्टर,
ज्यातला माणूस कित्येक वर्षं अंधारात हसत होता.
तीच खोली मिळाली.

डॉक्टर शर्वाणी म्हणाल्या, खाटा दोनच पुरेत,
खिडकी मात्र उघडली पाहिजे.
सुतार तिसऱ्या आठवड्यात आला.
मॉर्फिनचा परवाना अकरा महिन्यांनी.
तोवर पणजीच्या टेबलांवरून एकच रकाना
फिरून फिरून परत येत होता:
अपेक्षित बरे होणारे रुग्ण.
डॉक्टर दर वेळी शून्य लिहायच्या,
दर वेळी कुणीतरी ते चुकून पडलं असेल म्हणून
लाल पेनाने गोल करून पाठवायचं.

मग कपाट आलं.
एक किल्ली माझ्या कमरेला, मी औषधं सांभाळणारा,
दुसरी सिस्टर लुझियाच्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
एकट्याने उघडता येत नाही ते.

पहिला आला शाणू गावस, करंझोळचा,
रस्ता संपल्यावर आणखी थोडं आत.
बांबोळीहून येताना हातात कागद: घरी न्या.
सिस्टरने विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतं?
बावीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकलेला माणूस.
म्हणाला, आकडे मालकाचे.
‘पयलो गियर, बाय. भरिल्ली गाडी, आनी चढण.’
सिस्टरने तक्त्यावर तसंच लिहिलं.
डॉक्टरांनी ते वाचून डोस ठरवला.

माझा बाप याच इस्पितळाच्या व्हरांड्यात
तीन रात्री ओरडत गेला.
तेव्हा माझ्याकडे पॅरासिटामॉल होतं,
आणि ते मी नियमाप्रमाणे, सहा-सहा तासांनी, दिलं.

तिसऱ्या दिवशी शाणू डाव्या कुशीवर झोपला,
होळीनंतर पहिल्यांदा.
उठून चहा मागितला, चहाला नावं ठेवली.
‘तिसरो,’ म्हणाला, न विचारताच.

त्याची बायको द्रुपदी दारातच थांबायची.
एकदा तिने विचारून टाकलं,
ही खोली मरायची, होय ना?
मी नोंदवहीत डोकं घातलं.
सिस्टरने गरम पाणी मागवलं
आणि शाणूची दाढी करायला घेतली,
गळ्याखालची कातडी ताणून, सावकाश,
लग्नाला निघालेल्याची करावी तशी.
द्रुपदी आत आली. वाटी धरून उभी राहिली.

पुढे तो घरीच गेला. आमची जीप आठवड्यातून दोनदा,
पावसात ओहोळापर्यंत, तिथून सिस्टर चालत,
चपला हातात.

भात कापून झाल्यावर एका सकाळी
कदंबातून द्रुपदी उतरली.
पदराच्या गाठीत नऊ गोळ्या,
उरलेल्या, मोजलेल्या,
आणि पिशवीत आमसुलं.

नोंदवहीत रकाने पाच:
तारीख, आवक, जावक, शिल्लक, सह्या.
नऊ परत, हे बसलं.
आमसुलांसाठी जागा सापडेना.
शेवटी समासात लिहिलं,
‘अंदाजे पाव किलो, गावस यांच्या घरून.’
सिस्टरने चष्मा लावून वाचलं,
म्हटलं आता खोडायला सांगणार.
तिने पाव खोडून अर्धा केला
आणि खाली सही केली.

दुपारी नगरगावची एक म्हातारी यायची होती.
आम्ही कपाट उघडलं,
आधी तिची किल्ली, मग माझी.