डोंगरराजा

आमच्याकडे, आइसलँडच्या उत्तरेला,
सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या
तेव्हा एकाला राजा नेमतात.
तीन दिवसांचा राजा. मुकुट नाही,
एक शिट्टी, आणि रात्री झोपडीत
चुलीजवळची जागा.

त्या वर्षी आउसग्रिमुरचे गुडघे गेले.
शिट्टी आली स्टेनवोरकडे,
जिनं चौदा वर्षं त्याच्या मागून घोडा हाकला,
नद्यांचे उतार पाठ केले, त्याच्या शिव्याही.
"रक्तात असावं लागतं," म्हातारा कुरकुरला,
"फ्लेक्काला कुणी शिकवलं?"

फ्लेक्का म्हणजे पुढारी मेंढी. लांब पायांची, हाडकुळी,
मटणाच्या हिशेबात शून्य.
तिची आई अशीच होती, आजीसुद्धा.
बर्फात वाट बुजली की हीच वाट.

दुसऱ्या दुपारी, आभाळ निळंशार असताना,
फ्लेक्का खिंडीच्या तोंडाशी थांबली.
हाकललं. कुत्रा सोडला. ढिम्म.
चारशे मेंढ्या तिच्यामागे,
अकरा माणसं स्टेनवोरमागे.
कुणीतरी फिसकन हसलं: यातला राजा कोण?

चौदा वर्षांच्या शिकवणीत हे नव्हतं.
स्टेनवोर मेंढीकडे बघत राहिली, बराच वेळ.
मग म्हणाली, "खोगिरं उतरवा."

संध्याकाळपर्यंत खिंड उरलीच नाही,
नुसतं पांढरं, घोंघावणारं.

झोपडीत कुणी चकार शब्द काढला नाही.
चुलीजवळची जागा तिनं
कुडकुडणाऱ्या सर्वांत धाकट्या पोराला दिली
आणि म्हणे रात्रभर मेंढवाड्यात
फ्लेक्काला पाठ टेकून बसली.

हे तिला कुणी शिकवलं, मला विचारू नका.
तो पोरगा मी.
ऊब लागली आणि डोळा लागला.