काठाजवळ

निकाल दोन दिवसांतच कळला होता,
एका शब्दात, वर पैसे भरून.
रिपोर्ट आज आला.
नाइट संपवून मुंबई नाक्यावरच्या टपरीशी उभी राहून
चहाचा ग्लास रुमालात धरून
बोटांनी अक्षरं मोठी करत वाचतेय.

मार्क नाहीत. कुठेच नाहीत.
आठ विषय, आणि प्रत्येकापुढे एवढंच:
रेषेच्या वर, रेषेजवळ, रेषेच्या खाली.

आपल्याकडे पूर असाच तर सांगतात.
क्युसेक पेपरवाल्यांना लागतात,
माणसं विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
गुडघ्याला, कमरेला, छातीला.
फक्त इथे बुडाला तो पास.

तर औषधं आणि सलाइन, छातीच्या वर.
संसर्ग, तोही वर.
बाळंतीण आणि बाळ, कमरेला.
मनाचे आजार, कमरेला. (आमच्या वॉर्डात मनाला खाट नाही.)
आणि 'आधी कोणाकडे जाल', 'आधी काय कराल'
तिथे मारुतीचे पायही कोरडे.

रडायचं ते त्या दोन दिवसांत रडून झालं.
आता पेशंटची फाइल वाचावी तसा वाचतेय.

रूथ सिस्टर शरणपूरच्या, रिटायर झालेल्या,
त्यांना फोन केला तर पहिला प्रश्न,
"किती प्रश्नांवर मशीन बंद पडलं?"
एकशे पन्नास. सगळे.
"मग रडतेस काय? पंच्याऐंशीलाच हाकलता आलं असतं तुला.
शेवटपर्यंत त्याचं ठरत नव्हतं, भोये."
आडनावानेच हाक मारतात त्या, अजून.

चार पेशंट. एकाचा श्वास, एकाचं ड्रेसिंग,
एकाची साखर, एकाचा डिस्चार्ज.
आधी कोणाकडे?
माझ्याकडे रात्री एकोणीस असतात
आणि प्रत्येकाच्या उशाशी एक भाऊ, जो ओरडतो.
आणि उत्तरांत कुठेतरी एक ओळ असतेच,
'डॉक्टरांना कळवा.'
मी तीच धरत गेले. पुन्हा पुन्हा.
सहा वर्षं तेच शिकलेय ना,
विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडायची नाही.

आणि तरी, मागच्या महिन्यात, अकरा नंबरचे आजोबा
पहाटे तीनला निळे पडायला लागले
तेव्हा मी फोनकडे गेले नाही.
डोक्याकडची बाजू उचलली, मास्क लावला,
सक्शन ओढलं, मग फोन.
डॉक्टर आले तेव्हा आजोबा पाणी मागत होते.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं,
'डॉक्टरांच्या सांगण्यावरून.'

हे आत्ता आठवतंय. चहा गार झालाय.

पंचेचाळीस दिवस थांबायचं असतं.
परीक्षा तीन जानेवारीला, म्हणजे सतरा फेब्रुवारी.
तोवर द्राक्षं हातगाडीवर येतील.
फी पुन्हा भरायची. ती कुठून, हे रिपोर्टमध्ये नाही.
आधीची गेली भिशीतून,
आयांच्या, वॉर्डबॉयच्या पैशांतून,
माझा नंबर शेवंतामावशीने मला आधी दिला होता.
तिच्या पोरीचं बारसं पुढे ढकलून.

सुरगाण्याला आईला सांगितलं, तारीख पुढे गेली.
खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.

मावशी आत्ताच आली, ड्युटीवर, स्वेटरवर साडी,
"काय गं, झाली का पास?"
म्हटलं, काठावर.
"मग पासच की!"
काठावर नापास, मावशी.
ती थांबली. माझ्या ग्लासातला गार चहा
तिने ओतून दिला, दुसरा सांगितला,
दोन, म्हणाली, आलं जास्त घाल,
आणि भिशीचं काहीच बोलली नाही.

आज रात्री पुन्हा ड्युटी आहे.
रजिस्टर नवं लागलंय, पहिलं पान कोरं.