दुखण्यापुरतं अरबी

मारिविक कायमची घरी गेली तेव्हा तिची सायकल
मला चौदा रियालना पडली.
सीटच्या दांड्यावर तिनं नेलपॉलिशनं केलेली लाल खूण
अजून आहे. मी तिच्याहून दोन बोटं उंच,
तरी सीट तिथंच ठेवलीय.
गुडघे जरा जास्त वाकतात, एवढंच.

दोन दिवसांची सुट्टी. कॅरिअरला दोन पिशव्या,
एकीत चादर आणि पंक्चरचं सामान,
दुसरीत दशम्या, जवसाची चटणी, पाणी, पाणी, पाणी.
रुस्ताकहून निघाले तेव्हा
रात्रपाळीतलं स्पिरिट अजून हातांना होतं.
डांबर संपलं. पुढं खडी,
आणि खडीखाली आणखी खडी.

वाशीमच्या माणसाला डोंगर काय ठाऊक?
आमच्याकडं जमीन काळी, पसरट,
थापून ठेवलेल्या भाकरीसारखी.
इथं कुणी ती भाकरी मोडली
आणि तुकडे उभे करून निघून गेलं.

घळीत आभाळ उसवलेल्या शिवणीएवढं.
डबक्यात पाय सोडले तर बोटाएवढे मासे आले,
बारा तास उभ्या राहिलेल्या टाचांची
मेलेली कातडी टिपत बसले.
कुणी माझी अशी विचारपूस
बऱ्याच दिवसांत केली नव्हती.

चढावर मी सायकलवर नव्हते.
खरं सांगायचं तर सायकल माझ्यावर होती.
सवयीनं नाडी धरली: एकशे बासष्ट.
दुसऱ्या कुणाची असती तर
डॉक्टरांना हाक मारली असती.
एक पिकअप थांबला, मागं बकऱ्या,
ड्रायव्हरनं हातानंच विचारलं, बसता का?
मी मान हलवली. बकऱ्या
बराच वेळ वळून पाहत होत्या.

रात्री बलद सैतला, खजुरांच्या बुंध्याशी,
फलजचं पाणी उशाशी वाहत होतं.
वॉर्डात सलाइनचे थेंब मोजते तसे
त्याचे मोजायला गेले,
आणि झोप लागली.

वर जंगल आहे, म्हणाले होते.
जंगल म्हणजे मला मेळघाट:
ताटाएवढी सागाची पानं, पलीकडचं न दिसणं.
इथं अरअरची झाडं एकेकटी, हाकेच्या अंतरावर.
आधी वाटलं, रुसलीत.
मग कळलं, पाणी थोडं असलं
की पंगत विरळ बसते.
एकाचं अर्धं खोड वाळलेलं, अर्धं हिरवं.
पेशंट असता तर नातेवाइकांना बोलावून घेतलं असतं.
हे म्हणे असंच उभं आहे, आजोबांच्या आजोबांपासून.

राखीव क्षेत्राच्या चौकीत मुहन्ना नावाचा रखवालदार.
त्यानं गहवा दिला, पाना दिला.
मी सीट वर घेतली, दोन बोटं.
लाल खूण कॉलरच्या वर आली,
उन्हात.

मग वही उघडली. माणसं आणि जनावरं
एकाच वहीत. माझ्या वरच्या ओळीत
रानबोकड दोन, पहाटे, उत्तरेच्या कड्यावर.
नाव? सांगितलं. सुलोचना त्याच्या अक्षरात
जरा उजवीकडून आली.
गाडीचा नंबर? त्यानं सायकलकडं पाहिलं,
एक आडवी रेघ ओढली.
कशासाठी?

नऊ वर्षं झाली, पण माझं अरबी दुखण्यापुरतं.
कुठं दुखतं, कधीपासून, झोप येते का,
श्वास घ्या, सोडा.
डोंगर कशासाठी, याचा शब्द
आजवर कुठल्याच खाटेवर लागला नव्हता.
तो पेन धरून थांबलेला. घाई नाही.
खाली दरीत कसला तरी पक्षी
स्वतःशीच बोलत होता.

मा फी वजअ, म्हटलं शेवटी.
दुखत नाही.

त्यानं मान डोलावली,
आणि रकान्यात तेच लिहिलं.