एकच खोली शिल्लक

लाल अक्षरांत लिहून येतं:
एकच खोली शिल्लक, सतरा जण आत्ता हीच बघत आहेत.
मी चष्मा पुसतो.
एकतीस वर्षं अजनीच्या आरक्षण खिडकीत बसलेला माणूस मी,
सतरा माणसं मला नीट दिसायची,
फॉर्मवर उमटलेला अंगठ्याचा घाम,
मागून कुणी रेटलं की काचेला टेकणारं कपाळ.
हे सतरा कुठं उभे आहेत?

"एक तुम्ही," निखिलेश म्हणतो, "एक माझा फोन.
बाकीच्यांचं माहीत नाही, पण दाबा लवकर काका,
चाळीस टक्के सूट आहे, रद्द केलं तर पैसे परत."

मे महिन्याची दुपार. कूलरमधलं पाणी तळाला लागलेलं,
प्रतापनगरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही,
आणि पडद्यावर ऑस्ट्रियातलं तळं,
तळ्यात बर्फाचा डोंगर, उलटा.
मी विजेच्या बिलामागं गुणाकार करतो,
एकशे बारा युरो, पाच रात्री, आजचा भाव.
आतून कुमुद विचारते, "नाश्ता धरून का जी?"

नाश्ता धरून नाही.

रात्री, निखिलेश गेल्यावर,
त्या हॉटेलचा स्वतःचा पत्ता हुडकून
मी अर्ज लिहिला. मला दुसरं काही लिहिता येत नाही.
विषय: दोन ज्येष्ठ नागरिकांसाठी खोली मिळणेबाबत.

तिसऱ्या दिवशी फ्राऊ आइगनर यांचं उत्तर.
"प्रिय मिस्टर बोकडे,
अठ्ठ्याण्णव युरो, नाश्ता धरून.
साईटला शंभरातले पंधरा द्यावे लागतात, तेवढे तुमचे वाचतील.
फोटो माझ्या पुतण्यानं झाडावर चढून काढलाय.
तळं दिसतं, पण न्हाणीघराच्या खिडकीतून.
शिवाय लिफ्ट नाही. त्रेचाळीस पायऱ्या आहेत.
आगाऊ काही पाठवू नका.
व्हिसाला कागद लागत असेल तर सही-शिक्क्याचा देते."

साईटवर त्या पायऱ्यांना म्हटलं होतं:
ऐतिहासिक वास्तूचा मोहक अनुभव.

मी किती जणांचे फॉर्म असे परत सरकवले असतील,
"वेटिंग दोनशे बारा आहे, नाही होणार, बसनं जा."
सुपरवायझर चिडायचे. गिऱ्हाईक त्याहून चिडायचं.
खरं बोलणाऱ्या खिडकीसमोर रांग कमी असते
एवढंच शिकलो नोकरीत.

"आणि ऐनवेळी म्हातारीनं नाही म्हटलं तर?
कुणाकडं तक्रार करणार तुम्ही?"
निखिलेशचं चूक नाही.
म्हणून मी साईटवरही एक खोली धरून ठेवली आहे,
दुसऱ्या हॉटेलात, लिफ्ट असलेल्या.
एका प्रवासाला दोन गाड्यांची तिकिटं काढणाऱ्यांना
मी आयुष्यभर शिव्या घातल्या.
कुमुदला हे सांगितलेलं नाही.

कुमुदला पायऱ्या सांगितल्या.
ती गुडघ्याला तेल चोळत होती, थांबली नाही.
"त्रेचाळीस? त्रिपुरी पौर्णिमेला रामटेक चढली ना मी.
बसत बसत चढली, पण चढली.
इचार ना तिला, मधात बसाले जागा आहे का म्हणून."

विचारलं. बायको थांबत थांबत चढते, असं लिहिलं.
दुपारी साईटचं पान पुन्हा उघडलं,
किती चौकोन आहेत तिथं खुणा करायला,
पोहण्याचा तलाव, पार्किंग, कुत्रा चालेल,
शाकाहारी, समुद्राजवळ, फक्त प्रौढांसाठी.
सतराचे आता नऊ झालेत.
खोली अजून एकच शिल्लक आहे,
आठ दिवसांपासून.

खाली टपालाची खूण लुकलुकली.
फ्राऊ आइगनर, दोनच ओळी:
"बाविसाव्या पायरीवर वळण आहे, तिथं खुर्ची ठेवते.
हाताची हवी की बिनहाताची?"

कूलर बंद करतो, म्हणजे आत ऐकू जाईल.
"कुमुद,
अगं, हाताची, की बिनहाताची?"