असोला

हेस्ल रोडवरच्या तमिळ दुकानात
कोनफळांच्या खोक्यामागे तो पडला होता,
असोला नारळ. सोडण अंगावर तसंच,
हिरव्याचा तपकिरी होत चाललेला.
कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं.
दोन पौंड दे, दुकानदार म्हणाला, कोणी घेतच नाही.

घेतला होता वास्तुशांतीला, खरं सांगायचं तर.
पण सोलायचा कशाने?
घरात कोयता नाही, सुळा नाही.
सुधन्वाने स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला,
मग गाडीच्या जॅकचा दांडा,
मग अंगठ्याला पट्टी बांधून बसला.
कलशावर टेस्कोतला तासलेला बसवला,
शेंडीसुद्धा नसलेला. भटजींनी डोळेझाक केली.

तर हा जगला
हत्यार नव्हतं म्हणून.

दोन दिवस टबात बुडवून ठेवला.
बुडतो कसला! वर कुकर ठेवला
तरी एका कुशीवर वळून वर यायचा.
मग ओल्या गोणपाटात गुंडाळून
गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात,
टॉवेलांच्या खालच्या फळीवर.

ऑक्टोबर. नोव्हेंबर.
नाताळच्या आठवड्यात गॅसचं बिल आलं
आणि सुधन्वाने हीटिंग सतरावर आणलं.
तो झोपला की मी वीसवर न्यायची,
तो उठला की सतरा.
एकमेकांना काही बोललो नाही.
हॉस्पिटलच्या धुलाईत रात्रभर वाफेत उभी राहायची मी,
घरी येऊन नारळाच्या पाठीला हात लावायची,
ताप बघावा तसा.

शेजारची शीला
(आपल्यातली नव्हे, इथलीच, सात पिढ्या हलची)
विथर्नसीहून वाळू घेऊन आली, को-ऑपच्या पिशवीतून.
कौन्सिलला सांगू नकोस, म्हणाली.

फेब्रुवारीत एका सकाळी
टॉवेल घ्यायला दार उघडलं.
देठापाशी, काथ्या बाजूला सारून,
हस्तिदंती रंगाचं एक टोक.
तीन डोळ्यांतला एकच मऊ असतो.
एवढ्या अंधारात त्याला तो बरोबर सापडला होता.

सुधन्वाला झोपेतून उठवलं.
तो आला, वाकून बघितलं, काही बोलला नाही.
जिन्यावरून खाली गेला
आणि मला टिक् ऐकू आलं.
वीस.

आता तो पुढच्या खोलीत असतो, रेडिएटरपासून हातभर लांब,
वाळूत आडवा, अर्धा वर, अर्धा आत.
तीन पानं. अखंड, होडीच्या शिडासारखी.
झावळी जन्मतः फाटलेली नसते,
हे मला माडांखाली वाढूनही ठाऊक नव्हतं.

किती वाढतो? शीलाने विचारलं.
साठ-सत्तर फूट.
तिने वर बघितलं. आमचं छत साडेसात.
दोघी हसलो, चहा सांडेपर्यंत.
येणारे-जाणारे म्हणतात, अगदी तुमच्यासारखाच हो,
कुठला कुठे रुजला!
मी म्हणते, माझं नाव नका घालू त्याच्यात.
तो अजून स्वतःच्या खोबऱ्यावर जगतोय.
ते संपलं की बघू.

श्रावणात मी शीलाला सहज सांगितलं,
आमच्याकडे पुनवेला कोळी लोक दर्याला नारळ देतात.
ती कप हातात धरून राहिली.
तिचा बाप ट्रॉलरवर होता, एवढं मला माहीत होतं.
आइसलँडच्या बाजूला, हिवाळ्यात. ती तेव्हा चार वर्षांची.

मग तो परत देतो का? तिने विचारलं.
दर्या?

कधी कधी, मी म्हटलं.
नारळ बुडत नाही. कुठल्या तरी किनाऱ्याला लागतो,
आणि लागला तिथेच…

पुढचं मी बोलले नाही.
शीलाने कप खाली ठेवला,
सर्वांत जुन्या पानावरची धूळ
बाहीने पुसली, एका बाजूने, मग दुसऱ्या,
आणि म्हणाली, ह्याला खिडकीकडे फिरव गं,
एकाच अंगाने वाढतोय.