बुचाचा थर

पुडीवर लिहिलंय ‘अस्सल सिलोन’.
चॉर्लीच्या बेकरीतून आलेली,
विटकरी, वासाला गोड.
वासाचं काही खरं नाही, मॉरीन म्हणायची,
वास दोघींनाही येतो.

सुईच्या टोकावर मावेल एवढीच काचेवर घेते.
वर क्लोरल हायड्रेटचा थेंब, खाली ज्योत,
उकळू न देता हलकेच तापवायचं,
की पेशी बाहेर येतात एकेक,
फेब्रुवारीत सकाळी रिबलवरच्या पुलाचे खांब येतात तशा.

अश्मपेशी. तीन भिंती जाड, चौथी पातळ,
गवंडी मध्येच जेवायला गेल्यासारखी.
तंतू लाल रंगले. मोजते:
अडतीस मायक्रॉन.
सिलोनचा तंतू सहसा तिशीच्या पुढे जात नाही.
आयोडीन सोडलं तर पिष्टकण निळे
आणि चांगले टपोरे.
नाव सोनूबाई.

तरी दुसरी काच लावते.
आणि कोपऱ्यात सापडतो तुकडा बुचाचा,
तपकिरी, विटांवर विटा.
सिलोनची साल काढताना हा थर खरवडून टाकतात,
आतली तेवढी कागदासारखी वळतात.
कॅशिया बरेचदा आपली खरखर अंगावर घेऊनच बाजारात येते
आणि तिथेच पकडली जाते.

मॉरीनला एकदा सांगितलं होतं,
आमच्यात साल म्हणजे वर्षसुद्धा.
‘मग माझी एकतीस सोलून झाली या टेबलावर,’
म्हणाली, आणि काचा धुवायला लागली.

अहवाल: लेबलशी जुळत नाही.
सही, वै. सबनीस.

इचलकरंजीहून जाऊ दरवर्षी कांदालसूण मसाला पाठवते.
परवा त्यातली चिमूट पुडीत बांधून नेली.
कशाला, ते विचारू नका.
सगळे गेल्यावर लावली.
मिरचीच्या, धण्याच्या गर्दीत शोधत बसले,
पिष्टकण भाजताना फुटून गेलेले,
पण तंतू तेच, रुंद,
आणि शेजारी ढळढळीत बूच.

चाळीस वर्षं मी हिलाच दालचिनी म्हणत आले.

नमुन्याला क्रमांक दिला नाही.
काच धुतली, दोनदा पुसली.
रात्री आमटीत नेहमीएवढाच मसाला घातला,
कदाचित थोडा जास्त.

सकाळी प्रेस्टनच्या बसमधून उतरताना
ड्रायव्हरला थँक्यू म्हटलं.
‘थ’ तसाच आला, जाडाभरडा,
अकरा सालांत कुणी न खरवडलेला.
त्यानं मान हलवली.
दार लागलं.